हिंदूरावला जाण्यापूर्वी हवा भरणे

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी चहावर घरगुती मीटिंग. निर्णय झाला. दिवाळीत आमची लेक पूर्वी पुण्याला जाणार आणि तिथेच राहणार, मयुराकडे. आठवीचं दुसरं सत्र तिथल्या शाळेत. मयुरा म्हणजे माझ्या बायकोची, शालिनीची, धाकटी बहीण. घर मोठं, मुलांची हौस. निर्णय शालिनीचा आणि डॉक्टरांचा, मी इन प्रिन्सिपल संमती दिली. गेला अख्खा हिवाळा पोरीने तोंडाला नेब्युलायझर लावून काढला. डॉक्टर म्हणाले, शक्य असेल तर थंडीत हिला नोएडाबाहेर ठेवा. त्यातलं ‘शक्य असेल तर’ शालिनीला ऐकूच आलं नाही. माझ्या अंदाजाने हा प्रकार एका सत्रापुरता आहे. मुलगी आईबापाशिवाय राहून राहून किती राहणार.

जाण्याआधी पूर्वीने एकच गोष्ट मागितली. माझ्याबरोबर सायकलवरून हिंदूरावला जायचं. दिल्लीतल्या रिज नावाच्या टेकडीवरच्या त्या भागाला ज्याचं नाव पडलं तो हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेला, आपल्यातला, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने वर्गात सांगितलं, हमारे वाले थे. कुणाला पटलं नाही. आता तिला तिथे माझ्यासोबत उभं राहून फोटो काढायचाय. तिथे आता महापालिकेचं हॉस्पिटल आहे, ओपीडीच्या रांगेत फोटो काढणार का, असं शालिनी म्हणाली. इतिहासाची आवड नसलेल्या माणसांशी मी वाद घालत नाही.

हो म्हटलं. हवा बरी आहे तोवर उरकून घ्या, असंही शालिनी म्हणाली. सप्टेंबर चालू आहे. वेळच वेळ आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

विचार केला. माझी जुनी सायकल चालू स्थितीत आहे, पण तिच्यावरून मी भाजी आणतो. मुलीच्या आयुष्यभराच्या आठवणीत मी भाजीच्या सायकलवर दिसणं बरं नाही. ऑफिसातल्या धवलची रेसिंग सायकल बाल्कनीत पडून आहे. पाठ धरल्यापासून त्याने तिला हात लावलेला नाही. चाकं खोल रिमची. साध्या सायकलची रिम बोटाच्या रुंदीएवढी असते, हिची टायरपासून आत पन्नास मिलिमीटर, नुसती काळी भिंत. वारा कापते म्हणे. सौदा पक्का.

जुनी सायकल ज्ञानोबाला देऊन टाकली. हा माझ्या लातूरच्या चुलतबहिणीचा मुलगा, दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन यूपीएससी करतो. आला, मामा थँक्यू म्हणाला, पाया पडला आणि त्याच सायकलवर बसून मुनिरकाला गेला. संध्याकाळच्या आत पोचल्याचा मेसेज. ही मुलं नको इतक्या घाईत असतात.

१४ सप्टेंबर, रविवार

सायकल आली. सोसायटीच्या गेटवरच्या गार्डने वळून बघितलं. मागचा टायर बसलेला आहे. धवल म्हणाला, नुसती ट्यूब बदल यार, दहा मिनिटांचं काम. त्यामुळे आजची ट्रायल पुढे ढकलली. पूर्वीने चाकावरून हात फिरवला आणि विचारलं, मग पुढच्या रविवारी पक्कं ना. म्हटलं, बिल्कुल.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने चाक हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं आणि परत दिलं. हे आपल्याकडे होत नाही साहेब, म्हणाला. माझाही त्याच्यावर भरवसा नव्हता.

१६ सप्टेंबर

ट्यूब मागवायला बसलो तर कळलं, हवा भरायचा जो व्हॉल्व्ह असतो त्याची लांबी निवडावी लागते. तो रिमच्या पोटातून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला बाहेर आला पाहिजे. अठ्ठेचाळीस, साठ, सत्तर, ऐंशी मिलिमीटर असे पर्याय. लोक घाबरून लांबचा घेतात असं दिसतं. मी माणूस हिशेबी. रिम पन्नास, व्हॉल्व्ह अठ्ठेचाळीस. दोन मिलिमीटर म्हणजे नखाच्या कडेएवढं अंतर, ट्यूब फुगली की आपोआप भरून निघेल. दोन्ही चाकांसाठी मागवल्या. असे निर्णय पटकन घेता यायला हवेत, ऑफिसातही मी हेच सांगत असतो.

२० सप्टेंबर, शनिवार

ट्यूब आल्या. बसवल्या. टायर चढवताना अंगठ्याचं नख गेलं. व्हॉल्व्ह बाहेर येत नाही. भोकात डोळा लावला तर काही दिसेना. पूर्वीने मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाली, है बाबा, आत आहे, बिचारा दिसतोय.

ट्यूब फुगली की व्हॉल्व्ह वर येईल, पण व्हॉल्व्ह वर आल्याशिवाय ट्यूब फुगणार नाही. ही अडचण वेबसाइटवर कुठेही लिहिलेली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

राइड रद्द. आकाश स्वच्छ. बाल्कनीतून लांबलांबचे टॉवर दिसत होते, हे इथे वर्षातून मोजके दिवस होतं. पूर्वी खाली जाऊन सोसायटीला एकटीच फेऱ्या मारत होती. तिची सायकल साधी आहे. तिच्यात काही बिघडत नाही, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

शालिनीने सुचवलं, ज्ञानोबाला फोन कर, तो एक दिवस जुनी सायकल घेऊन येईल. मी नाही म्हटलं. दिलेली वस्तू परत मागायची आपल्या घराण्यात रीत नाही. शिवाय अभ्यासू मुलाचा रविवार मोडायचा नाही. शालिनी म्हणाली, मेट्रोने जा मग. मला पटलं नाही. मेट्रोने हिंदूरावला पेशंट जातात.

२३ सप्टेंबर

मार्ग सापडला. व्हॉल्व्ह एक्स्टेंडर. म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावर बसवायची बारीक नळी. आखूड व्हॉल्व्ह लांब होतो. चूक सुधारण्याचा इतका स्वस्त मार्ग जगात दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात नसेल. क्लायंट कॉल म्यूट करून त्यावरचे चार व्हिडिओ बघितले. मागवले.

पूर्वीला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, बाबा, मला पुण्याच्या शाळेबद्दल जरा बोलायचं होतं. म्हटलं, राइडमध्ये बोलू, तासन्‌तास हाताशी आहेत. ती ओके म्हणाली.

२७ सप्टेंबर, शनिवार

एक्स्टेंडर आले, लावले. पंप मारला. पंपाचा काटा सर्रकन वर, टायर मात्र शिळ्या भाकरीइतका मऊ. पुन्हा मारला. काटा शेवटाला टेकला. टायर तसाच. म्हणजे पंपात हवा आहे, टायरमध्ये नाही.

पाचव्या व्हिडिओत कारण मिळालं. या व्हॉल्व्हच्या टोकाशी एक बारीक नट असतो, तो आधी सैल करायचा आणि मग वर नळी लावायची. मी तो घट्ट करून लावली होती, काळजीपोटी. पुन्हा टायर उतरवला. दुसऱ्या अंगठ्याचं नख.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.

निघालो. दोघंही. शालिनीने केळी दिली, पूर्वीच्या खिशात इन्हेलर आहे ना हे दोनदा बघितलं. लिफ्टमध्ये पूर्वीने माझ्या हेल्मेटचा पट्टा नीट केला. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

गेटपर्यंत पोचलो. फुस्स असा आवाज सुरू झाला. एक्स्टेंडरच्या सांध्यातून. गार्डने विचारलं, साहब, लौट आए? आम्ही गेलोच नव्हतो.

पूर्वी म्हणाली, रहने दो बाबा, पुढच्या रविवारी जाऊ. तिने समजूतदारपणा आईकडून घेतलेला नाही, हे नक्की.

संध्याकाळी शोध पूर्ण. एक्स्टेंडरचे प्रकार दोन. मी घेतला तो कनिष्ठ. श्रेष्ठ प्रकारात व्हॉल्व्हच्या आतली सुई काढून घ्यायची, नळी मध्ये बसवायची आणि सुई नळीच्या वरच्या तोंडात पुन्हा घालायची. गळती शून्य. त्याला लागणाऱ्या सुई निघणाऱ्या ट्यूबसकट मागवले.

३० सप्टेंबर

माल आला. दुपारी धो धो पाऊस. उद्या खंडेनवमी, परवा दसरा, दोन्ही दिवस मला सुट्टी, पूर्वीचीही शाळा बंद. परवा सकाळी निघायचं ठरलं. पावसाने हवा धुऊन निघालीय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

साताऱ्याहून आईचा फोन. नवीन वाहन घेतलंस म्हणे, शस्त्रपूजेत ठेव. चांगली कल्पना. पाटावर पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पाने, नव्या ट्यूब, तबकात एक्स्टेंडर. शालिनीचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली विळी, पूर्वीचा कंपास. सायकलला झेंडूची माळ. हळदकुंकू, अक्षता, सगळं यथासांग. अक्षता मी मूठभरून टाकल्या. फोटो आईला पाठवला.

आईचा परत फोन. आता यातलं काही हलवायचं नाही. उद्या संध्याकाळी सोनं वाटून झालं की मगच उचलायचं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी साडेसहाला पूर्वी हॉलमध्ये तयार. हेल्मेट, पाण्याची बाटली, केसांची वेणी. आकाश असं निळं की पुण्यात आहोत असं वाटावं. रस्ते रिकामे. प्रदूषणाच्या ॲपवर हवा हिरवी.

ट्यूब बसवायची तर पूजेतली हत्यारं उचलावी लागणार. मी पूर्वीला परंपरा समजावली. आपण दिल्लीत राहतो म्हणून सगळंच सोडून द्यायचं नसतं. शालिनीने गेल्या वर्षीचं काढलं, की लॅपटॉपची पूजा करून तासाभरात मी त्याच्यावरूनच कॉल घेतला होता. तो क्लायंट कॉल होता. तिने साताऱ्याला फोन लावून आईची परवानगी काढायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. वयस्कर माणसाला अशा पेचात टाकू नये.

खरं लिहायचं तर मला जरा सुटल्यासारखं झालं. ट्यूब आज बसली नसती तर परंपरेचा आधारही नव्हता.

पूर्वी बराच वेळ हेल्मेट घालूनच सोफ्यावर बसून होती. मग काढलं.

संध्याकाळी आपट्याऐवजी पार्कातून आणलेली कचनारची पानं सोनं म्हणून वाटली. लगेच हत्यारं उचलली. नवी ट्यूब, श्रेष्ठ एक्स्टेंडर, सुई. पंप मारला. हवा जात नाही.

३ ऑक्टोबर

एक्स्टेंडर सदोष. एक नव्हे, दोन्ही. कंपनीला सविस्तर मेल केला. आठ मुद्दे, क्लोज-अप फोटो. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट हा शब्द ठळक केला. सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास एस्कलेट करणार असंही लिहिलं. जोर लावून पाहताना पंपाचा पाइप फाटला, तेही त्यांच्याच खात्यावर टाकलं.

५ ऑक्टोबर, रविवार

उत्तर आलं. रविवारी आलं, म्हणजे घाबरले असणार असं वाटलं. अत्यंत नम्र भाषा. त्यात लिहिलं होतं की आपण पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत एक्स्टेंडरच्या आत तांदळाचा दाणा दिसत आहे, तो काढून पाहावा.

शालिनीने सुईने काढला. कुंकवाने लाल झालेली अक्षत. दुसऱ्यात दीड निघाली. पूर्वी हसून हसून खोकायला लागली. चावल है बाबा, चावल. मी तिला सांगितलं, त्याला अक्षता म्हणतात, न मोडलेला तांदूळ. तिने मोडका दाणा दाखवला.

खोकला बराच वेळ थांबला नाही. शालिनी तिची पाठ चोळत माझ्याकडे बघत होती. मी पंपाच्या पाइपकडे बघत होतो.

७ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. दाणा निघाला, एक्स्टेंडर मोकळे झाले, नुसता पंप आणला तर काम होईल, असं शालिनीचं मत. पण एक्स्टेंडर हा मुळात जुगाड आहे. पायाच कच्चा असताना वर मजले चढवायचे नसतात. सरळ लांब व्हॉल्व्हची ट्यूब घ्यायची. साठचा घेतला तर पुन्हा कमी पडायची धास्ती. ऐंशीचा मागवला. नवा पंपही. आता कुठल्याच बाजूने कमतरता राहणार नाही.

मयुराचा फोन होता. पूर्वीची खोली तयार करतेय, भिंतीला कुठला रंग देऊ विचारत होती. पूर्वी आत जाऊन तिच्याशी बराच वेळ बोलली. एका सत्रासाठी रंग कशाला, असं मी म्हटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

यश. ऐंशीचा व्हॉल्व्ह रिममधून आरपार, वर बोटभर बाहेर. हवा भरली, टायर दगडासारखा. दुपारभर ठेवून बघितला, तसाच. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या. लांब व्हॉल्व्ह रिमवर आपटून टकटक वाजतो, पण त्याने लोक बाजूला होतात. पूर्वीने टाळ्या वाजवल्या. उद्या सकाळी हिंदूराव. शालिनीने थालीपीठं करून डब्यात भरली.

हवा आता हिरवी नाही, पिवळी आहे. चालेल, असं शालिनी म्हणाली, पण उद्याच. त्यानंतर नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी टायर घट्ट होता. शालिनी म्हणाली, आहे ना हवा, निघा. पण रेसिंगच्या सायकलला निघण्यापूर्वी पंप मारायचा असतो, हे पहिल्या व्हिडिओपासून प्रत्येक जण सांगतो. अर्धवट तयारीने मी पोरीला हायवेवर नेणार नाही.

दोन झटके मारले. व्हॉल्व्ह फार लांब असल्यामुळे पंपाच्या वजनाने वाकला आणि टोक तुटलं. सगळी हवा एकदम गेली. पूर्वी तिची सायकल घेऊन लिफ्टच्या दारात उभी होती. लिफ्टचं दार तिच्या चाकावर बंद व्हायचं, उघडायचं, परत बंद व्हायचं.

नंतर तिने स्वतःच विचारलं, बाबा, मेट्रोने जाऊ या का आपण? आता, लगेच? थालीपीठं घेऊन. मी म्हटलं, नाही, सायकलने ठरलंय तर सायकलनेच. तुला दिलेला शब्द मी असा अर्धा पाळणार नाही.

ती आत गेली. थालीपीठं आम्ही घरीच खाल्ली. चांगली झाली होती.

१५ ऑक्टोबर

दिवाळीमुळे पार्सलं रखडलीत. नवी ट्यूब या आठवड्यात येत नाही. खूप विचार करून ज्ञानोबाला फोन केला, सहज म्हणून. इकडचं तिकडचं बोललो, मग सायकलचा विषय काढला. मामा, मी तर कालच लातूरला आलो दिवाळीला, म्हणाला. सायकल मुनिरकाच्या जिन्याखाली कुलूप लावून, किल्ली माझ्याकडे. अगोदर बोलला असता तर आणून दिली असती की. रूममेटला कुलूप तोडायला सांगू का, असंही म्हणाला. रूममेटही गावी गेलाय, हे त्यालाच मग आठवलं.

सायकल फर्स्टक्लास चालते म्हणाला. रोज हवासुद्धा भरावी लागत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

हवा लाल. प्रशासनाचे निर्बंध लागू, डॉक्टरांकडून पूर्वीचं बाहेर खेळणं बंद. मी मास्क लावून छोटी राइड सुचवली. शालिनीने फक्त माझ्याकडे बघितलं. पूर्वीने हसल्यासारखं केलं आणि इन्हेलर ओढला.

सायकलही नाही म्हणा, पण मन तयार असायला हवं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

अंधार पडताच फटाके. खिडक्यांच्या फटींना टेप लावला. पूर्वी नेब्युलायझर लावून पलंगावर. मी शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. श्वास घेताना तिच्या पाठीचं एकेक हाड हाताला लागत होतं. शालिनीने भाऊबीजेनंतरचं तिकीट बदलून उद्याचं केलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो. मला फार भीती वाटली आज.

२२ ऑक्टोबर, पाडवा

विमानतळावर सोडलं. शालिनी तिच्यासोबत गेली, चार दिवसांनी येईल. टॅक्सीत पूर्वी मास्क लावून खिडकीला टेकून बसली होती. मध्येच विचारलं, बाबा, इथून हिंदूराव किधर पडतं? मी मागच्या बाजूला हात दाखवला. ती मागे वळून बघत राहिली. धुरात काही दिसण्यासारखं नव्हतं. टॅक्सी वळवली असती तर विमान चुकलं असतं. मी बराच वेळ तो हिशेब केला.

आत जाताना तिने मिठी मारली. शाळेबद्दल तुला काय बोलायचं होतं, असं मी विचारलं. म्हणाली, कुछ नहीं बाबा, आईशी बोलले.

घरी येऊन तुटका व्हॉल्व्ह मोजला. ऐंशी जास्त होता, अठ्ठेचाळीस कमी. पन्नासच्या रिमला सत्तर लागतो. पुढच्या वेळी ही चूक होणार नाही. मागवला.

९ नोव्हेंबर, रविवार

सत्तरच्या ट्यूब कालच्या पार्सलने आल्या. बसवल्या. व्हॉल्व्ह हवा तेवढाच बाहेर. पंप नीट धरतो, वाकत नाही, टकटक नाही. दोन्ही टायर घट्ट. सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे, कारण बाहेर समोरचा टॉवर दिसत नाही. शालिनी एअर प्युरिफायरचा फिल्टर धूत होती. तिने सायकलकडे बघितलं आणि पुन्हा फिल्टर चोळायला लागली.

दुपारी पूर्वीचा फोन. आवाज एकदम मोकळा. मयुराकडे एक जुनी लेडीज सायकल आहे, तिच्यावरून रोज शाळेला जाते. वाटेत चढ आहे, उतरावं लागत नाही. नेब्युलायझर बॅगेतून काढलेलाच नाही. काल मयुरा आणि ती सायकलने खडकवासल्यापर्यंत जाऊन आल्या. तिथे कणीस खाल्लं. मग जरा थांबून म्हणाली, बाबा, शाळेत नववीसाठी विचारतायत. मी इथेच राहू ना?

मला आनंद झाला. खरोखर झाला. पोरगी बोलताना एकदाही खोकली नव्हती. तरी मी फोन घेऊन सायकलशेजारी जमिनीवर बसलो. म्हणायचं होतं, नको, परत ये. म्हणायचं होतं, राहा, तिथेच बरी राहा. आठवण येते का विचारायचं होतं. यातलं काहीच निघालं नाही. मी विचारलं, तुझ्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह किती मिलिमीटरचा आहे?

ती म्हणाली, माहीत नाही बाबा, कधी बघितला नाही.

मी म्हटलं, बघून सांग. ती हो म्हणाली.